चोपड्याच्या पहिल्या पानावरील माणसे

दिवाळीच्या संध्याकाळी घाटकोपर, मुलुंड, बोरिवली किंवा अंधेरी येथील कोणत्याही जैन पेढीत डोकावले, तरी दृश्य बहुधा एकच असते. हिशेब आता संगणकावर असतो, जीएसटीचे विवरणपत्र ऑनलाइन भरले जाते, लाल कापडी बांधणीच्या वहीला वर्षभर कोणी हात लावीत नाही. तरीही शारदापूजनासाठी ती वही आवर्जून आणली जाते. कुंकवाने स्वस्तिक रेखले जाते, ‘श्री’कारांचा मनोरा उभा राहतो आणि त्याखाली काही नावे लिहिली जातात. गौतमस्वामींची लब्धी लाभो, धन्ना-शालिभद्रांची ऋद्धी लाभो, अभयकुमारांची बुद्धी, कयवन्ना शेठांचे सौभाग्य आणि बाहुबलींचे बळ लाभो, असा त्या ओळींचा आशय असतो.

पिढ्यान्‌पिढ्या हे लिहिले जात असल्यामुळे त्यातील एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. व्यापाऱ्याने नव्या वर्षाच्या उंबरठ्यावर केलेली ही आदर्शांची निवड आहे, आणि त्या निवडीत एकच नाव नाही. बुद्धी एकाची, बळ दुसऱ्याचे, ऋद्धी तिसऱ्याची. ज्याच्याकडे जे अस्सल आहे, तेवढेच त्याच्याकडून मागितले आहे. अनेकांतवादावर व्याख्यान न देता आपल्या पूर्वजांनी तो वहीच्या पहिल्या पानावर उतरवला, असेच म्हणावे लागेल.

मात्र ही नावे लिहिणाऱ्या घरांतील किती मुलामुलींना या माणसांच्या कथा ठाऊक असतात? कथा ठाऊक नसल्या की मागणी तेवढी उरते आणि माणूस निसटतो. शालिभद्राचेच पाहावे. रत्नकंबले विकणारे व्यापारी राजगृहीत आले, तेव्हा त्यांची किंमत ऐकून राजा श्रेणिकही थबकला. शालिभद्राच्या मातेने, भद्रा शेठाणीने, मात्र ती सर्व विकत घेतली आणि तुकडे करून सुनांना वाटून टाकली. हे वैभव पाहण्यास राजा स्वतः घरी आला. श्रेणिक आला आहे, असे आईने सांगताच वरच्या मजल्यावरील शालिभद्राला वाटले, हा कोणता तरी माल असावा. तो म्हणाला, घेऊन वखारीत टाकून द्या. आईने समजावले की हा माल नव्हे, हा आपला स्वामी आहे. आपल्याही डोक्यावर कोणी स्वामी आहे, हे शल्य त्या तरुणाला असे लागले की त्याने सारे वैभव सोडून दीक्षा घेतली. ज्याची ऋद्धी आपण वहीत मागतो, त्याने ती ऋद्धी टाकून दिली होती. बाहुबलींचेही तसेच. भावावर उगारलेली मूठ त्यांनी अर्ध्यावर थांबवली आणि त्याच मुठीने स्वतःच्या केसांचा लोच केला. त्यांचे बळ मागताना थांबलेली मूठही मागितली जाते, हे ध्यानात ठेवलेले बरे.

आजच्या उपनगरी घरांत आदर्शाचा प्रश्न वेगळ्या रूपाने येतो. दहावी-बारावीच्या मुलाला ‘कोणासारखे व्हायचे?’ असे विचारले, तर उत्तरात एखाद्या नवउद्योगाच्या संस्थापकाचे नाव येते, क्रिकेटपटूचे येते किंवा फोनवर रोज सकाळी यशाची सूत्रे सांगणाऱ्या वक्त्याचे येते. वडील मनातून खट्टू होतात. सकाळी नऊच्या लोकलने मशीद बंदरला किंवा झवेरी बाजारात जाणारा, रात्री थकून परतणारा आपला बाप या यादीत नाही, हे त्यांना बोलून दाखवता येत नाही. मुलालाही कारण सांगता येत नाही. खरे कारण साधे आहे: त्या दूरच्या माणसाची केवळ फलश्रुती मुलाला दिसते, आणि घरच्या माणसाचा केवळ थकवा. काम करताना त्याने दोघांपैकी कोणालाच पाहिलेले नसते. ज्यांची छायाचित्रे मासिकांच्या मुखपृष्ठांवर झळकली त्यांतील काहींची नावे पुढे तपासयंत्रणांच्या कागदपत्रांत आली. हिरेबाजाराला हा अनुभव नवा नाही.

आदर्श पारखून कसा निवडावा, याचे एक उदाहरण याच मुंबईत, एका जैन जवाहिऱ्याच्या पेढीवर घडले आहे. जुलै १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन विलायतेहून परतलेले मोहनदास गांधी मुंबई बंदरात उतरले. त्यांच्या गैरहजेरीत आईचे निधन झाले होते आणि ती बातमी त्यांच्यापासून आजवर लपवून ठेवण्यात आली होती. ते उतरले डॉ. प्राणजीवन मेहता यांच्या घरी. तेथेच त्यांची ओळख करून देण्यात आली ती रायचंदभाईंशी, म्हणजेच पुढे श्रीमद् राजचंद्र या नावाने ओळखल्या गेलेल्या तत्त्वचिंतकाशी. नात्याने ते डॉक्टरांच्या थोरल्या बंधूंचे जावई, आणि रेवाशंकर जगजीवन यांच्या जवाहिऱ्याच्या पेढीतील भागीदार. गांधीजींचे वय तेव्हा २१ वर्षांचे होते, रायचंदभाईंचे २३. दोघांत दोन वर्षांचेही अंतर नव्हते. आदर्श म्हणजे पांढऱ्या केसांचा वयोवृद्धच असावा, या समजुतीला येथेच पहिला छेद जातो.

रायचंदभाईंची कीर्ती होती ती शतावधानी म्हणून. मोरबीजवळच्या ववाणिया गावी १८६७ च्या कार्तिकी पौर्णिमेला जन्मलेल्या या तरुणाने १८८७ मध्ये धोबी तलाव येथील फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये एकाच वेळी शंभर गोष्टींचे अवधान ठेवून दाखवले होते. गांधीजींनी विलायती शिक्षणाच्या तोऱ्यात त्यांची परीक्षा घेतली. आपल्याला येत असलेल्या निरनिराळ्या भाषांतील शब्द कागदावर लिहून काढले, ते एकदा वाचून दाखवले. रायचंदभाईंनी ते सारे त्याच क्रमाने म्हणून दाखवले. गांधीजी चकित झाले. परंतु ‘सत्याचे प्रयोग’मध्ये ते स्पष्ट लिहितात की या शक्तीचा हेवा वाटला, तरी तिची मोहिनी पडली नाही. स्वतः रायचंदभाईंनीही शतावधानाचे जाहीर प्रयोग पुढे सोडून दिले होते. आजच्या भाषेत सांगायचे तर ज्या गोष्टीमुळे टाळ्या मिळत होत्या, तीच त्यांनी बंद केली. असा माणूस आज एखाद्या मुलाने आदर्श म्हणून निवडला, तर घरचे बहुधा त्याला वेड्यातच काढतील.

गांधीजींवर ठसा उमटला तो दुसऱ्याच गोष्टीचा. रायचंदभाई लाखोंची उलाढाल करीत, हिरे-मोत्यांची पारख करीत, व्यापारातील गुंतागुंत सोडवीत. मात्र त्यांच्या गादीवर दुसरे काही असो वा नसो, एखादे धर्मपुस्तक आणि एक रोजनिशी हमखास असे. सौदा संपला, गिऱ्हाईक उठले की पुस्तक उघडे किंवा रोजनिशी उघडे. आणि पुन्हा कोणी आले की ते मिटून व्यवहार सुरू होई. त्यांच्या प्रकाशित झालेल्या लेखनाचा बराच भाग अशा पानांतून आला आहे. गांधीजी जेव्हा दुकानी जात तेव्हा त्यांच्याशी धर्मचर्चाच होई. या माणसाला आपल्याकडून काही मिळवायचे नाही, हे या तरुण बॅरिस्टरने हेरले होते. ज्याला आदर्श मानायचे त्याचा आपल्यापासून कोणता लाभ आहे, ही कसोटी आजही तितकीच उपयोगी आहे, विशेषतः जो आदर्श आपल्याला काही विकत असतो त्याच्या बाबतीत.

श्रीमदांच्या व्यापाराविषयी परंपरेत एक कथा सांगितली जाते. एका व्यापाऱ्याने ठरावीक भावाने जवाहीर देण्याचा करार केला आणि भाव एकदम चढले. करार पाळला तर तो व्यापारी देशोधडीला लागला असता. रायचंदभाई स्वतः त्याच्याकडे गेले, दस्तऐवज मागितला आणि फाडून टाकला. कथेचे तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात, तेव्हा त्यावर फार भार टाकू नये. परंतु वायद्याच्या कागदाचे मोल ज्या समाजाला पुरेपूर ठाऊक आहे, त्याच समाजाने ही कथा शंभर वर्षे जपली, ही गोष्ट बोलकी आहे.

एप्रिल १८९३ मध्ये गांधीजी दक्षिण आफ्रिकेस गेले. म्हणजे प्रत्यक्ष सहवास दोन वर्षांहूनही कमी, आणि त्यातलाही बराच काळ गांधीजी राजकोटात. प्रिटोरियात ख्रिस्ती मित्रांनी त्यांना आपल्या धर्माकडे ओढण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला, मुसलमान मित्रांनी इस्लामचा अभ्यास करण्यास सांगितले, आणि हिंदू धर्मातील दोष तर त्यांना स्वतःलाच दिसत होते. मन डळमळले. तेव्हा त्यांनी १८९४ मध्ये रायचंदभाईंना पत्र लिहिले आणि २७ प्रश्न विचारले. पहिला प्रश्न आत्मा म्हणजे काय, हा. शेवटचा असा की साप चावण्यास आला तर त्यास चावू द्यावे की मारावे. मधल्या प्रश्नांत ईश्वर, मोक्ष, वेद, गीता, ख्रिस्त, सारे काही होते. रायचंदभाईंनी प्रत्येक प्रश्नाला क्रमाने उत्तर दिले. धीर धरण्यास आणि स्वधर्माचा सखोल अभ्यास करण्यास सुचवले, आणि ग्रंथ पाठवले. त्यांत ‘पंचीकरण’ होते, ‘मणिरत्नमाला’ होती, योगवासिष्ठाचे मुमुक्षुप्रकरण होते. जैन ग्रंथ होता तो आचार्य हरिभद्रसूरींचा ‘षड्दर्शनसमुच्चय’, ज्यात सर्वच दर्शनांची न्याय्य मांडणी आहे. एका जैन श्रावकाने गोंधळलेल्या वैष्णव तरुणाला जैन होण्यास सांगितले नाही. त्याला त्याच्याच वाटेवर पुढे चालण्यास बळ दिले.

पाठशाळेतील मुलांना हा पत्रव्यवहार सांगताना बहुतेकदा उत्तरे सांगितली जातात. वास्तविक त्यातील प्रश्न अधिक मोलाचे आहेत. ज्याच्याविषयी पराकाष्ठेचा आदर आहे, त्याला २४ वर्षांचा तरुण सत्तावीस शंका उघडपणे विचारतो, आणि उत्तर देणाऱ्याला त्यात अविनय दिसत नाही. आपल्या घरांत वडीलधाऱ्यांना दोन प्रश्न सलग विचारले, तरी ‘फार बोलू लागला’ असे होते.

मतभेदाचेही उदाहरण आहे. ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टन यांना पार्लमेंटातही त्यांची पत्नी स्वतः चहा करून देत असे, हे वाचून गांधीजी भारावले होते आणि पतिपत्नीच्या प्रेमाची स्तुती रायचंदभाईंपुढे करीत होते. रायचंदभाईंनी विचारले की हीच सेवा बहिणीने किंवा एखाद्या सेवकाने इतक्याच निष्ठेने केली असती, तर तिचे एवढे कौतुक वाटले असते काय? गांधीजींना हा प्रश्न त्या वेळी कठोर वाटला. शिवाय विचारणारे स्वतः गृहस्थाश्रमी होते. तो प्रश्न मात्र मनात रुतून बसला, आणि ब्रह्मचर्याच्या विचाराकडे वळताना गांधीजींना तोच आठवला.

याहून लहान, पण कदाचित अधिक शिकवणारा प्रसंग टोपीचा आहे. श्रीमदांच्या जयंतीनिमित्त केलेल्या एका भाषणात गांधीजींनी तो सांगितला होता. दोघांत चामड्याच्या वापरावर बोलणे चालले होते. शेतीचे चामड्यावाचून अडेल. निदान डोक्यावर तरी चामडे नसावे, अशा निष्कर्षापर्यंत चर्चा आली. गांधीजींचा स्वभाव थट्टेखोर. त्यांनी रायचंदभाईंच्या डोक्याकडे पाहिले, तर टोपीला आतून चामड्याची पट्टी होती. आत्मचिंतनात गढलेल्या या माणसाने ती कधी पाहिलीच नव्हती. गांधीजींनी दाखवून देताच त्यांनी ती पट्टी तत्काळ ओढून काढली. सबब नाही, युक्तिवाद नाही, वयाचा वा विद्वत्तेचा आव नाही. आदर्श मानलेल्या माणसात उणीव सापडली तर काय करावे, या प्रश्नाचे हे दोन्ही बाजूंनी दिलेले उत्तर आहे: एकाने ती हसत हसत दाखवली, दुसऱ्याने ती काढून टाकली, आणि स्नेह तसाच राहिला.

तरीही गांधीजींनी त्यांना गुरू केले नाही. त्यांच्या आत्मकथेतील सर्वांत प्रांजळ कबुलीजबाबांपैकी हा एक आहे. आध्यात्मिक संकटात आपण त्यांचा आश्रय घेतला, असे ते सांगतात. आधुनिक काळातील तीन व्यक्तींचा आपल्यावर खोल ठसा उमटला म्हणताना प्रत्यक्ष सहवासाने प्रभाव टाकणारे म्हणून रायचंदभाईंचे नाव प्रथम घेतात, आणि टॉलस्टॉय व रस्किन यांना त्यांच्या एकेका पुस्तकासाठी त्यांच्या पंक्तीला बसवतात. पण गुरूचे आसन मात्र रिकामेच राहिले, त्याचा शोध चालू आहे, असे ते लिहितात. ९ एप्रिल १९०१ रोजी राजकोट येथे वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी श्रीमदांचे देहावसान झाले. श्रीमदांना सद्गुरू मानणारे मुमुक्षू आज देशविदेशांत आहेत आणि त्यांच्या श्रद्धेचे स्थान वेगळे आहे. ज्याने गुरू केले नाही, त्यानेही त्यांच्यापासून किती घेतले, एवढेच येथे पाहायचे आहे.

हे आसन रिकामे ठेवणे जैन मनाला अनोळखी नसावे. चोपड्यावर पहिले नाव गौतमस्वामींचे असते. प्रभू महावीरांचे ते पट्टशिष्य. ज्यांना त्यांनी दीक्षा दिली त्यांना केवलज्ञान होत गेले, आणि स्वतः गौतम मात्र थांबून राहिले. कारण एकच, प्रभूंवरील स्नेहराग. प्रत्यक्ष तीर्थंकरावरील अनुरागदेखील अखेरच्या पायरीवर आड आला. प्रभूंचे निर्वाण झाले, गौतमस्वामींनी विलाप केला, मग विचार केला, आणि कार्तिक शुद्ध प्रतिपदेच्या पहाटे त्यांना केवलज्ञान झाले. व्यापारी ज्या दिवशी नवी वही सुरू करतो, तोच हा दिवस.

गुजरात-सौराष्ट्रातून आलेल्या कुटुंबांना रायचंदभाई जवळचे वाटतात. मराठी बोलणाऱ्या जैन घरांना आणखी एक उदाहरण जवळचे आहे, आणि ते तुलनेने अवघड आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे, बाहुबलीच्या डोंगराजवळ, २२ सप्टेंबर १८८७ रोजी एका जैन कुटुंबात भाऊराव पाटील जन्मले. कोल्हापुरात शिकत असताना ते जैन वसतिगृहात राहत. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले, परत आल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला, आणि त्यांना वसतिगृह सोडावे लागले. पुढे त्यांनी ओगले यांचे काचसामान आणि किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी गावोगाव फिरून विक्रेत्याचे काम केले. त्या फिरतीत शेतकऱ्यांच्या मुलांचे अडाणीपण त्यांनी डोळ्यांनी पाहिले, आणि १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह सुरू झाले. त्यांच्यापुढे आदर्श होते महात्मा फुले आणि राजर्षी शाहू. दोघेही जैन नव्हते.

या वसतिगृहात मुलांना दोन वेळचे अन्न घालताना पैसा संपे, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने विकले; शेवटी मंगळसूत्रही विकले. शाळांना, रस्त्यांना, पुतळ्यांना नाव कर्मवीरांचे मिळाले. लक्ष्मीबाई १९३० मध्येच गेल्या. व्यापारी घरात दागिना म्हणजे काय, तो अंगावरून उतरवताना बाईच्या मनात काय होते, हे या मासिकाच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. मुलींसाठी आदर्श शोधणाऱ्या आयांनी लक्ष्मीबाईंकडे अवश्य पाहावे. आणि मुंबईतल्याच मगनबाईंकडेही, ज्या दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांच्या कन्या. तरुणपणीच वैधव्य आले असता वडिलांनी त्यांना कोपऱ्यात बसू दिले नाही, शिकवले. आणि मगनबाईंनी मुंबईत श्राविकाश्रम चालवून इतर निराधार भगिनींना शिकवले. बापाने मुलीला एवढे दिले की ती स्वतः दुसऱ्यांचा आदर्श झाली, असे उदाहरण त्या काळात विरळाच.

आता प्रश्न उरतो तो मुलुंडच्या किंवा बोरिवलीच्या सदनिकेतील मुलाचा. त्याला थोर पुरुषांची चरित्रे वाचायला देणे सोपे आहे. वाढदिवसाला पुस्तक आणले की पालकाचे काम झाले. परंतु गांधीजींना मिळालेली गोष्ट चरित्रात नव्हती. त्यांना एक माणूस त्याच्या गादीवर, गिऱ्हाईक समोर असताना आणि नसताना पाहायला मिळाला. ती सोय आजच्या मुलाला जवळजवळ उरलेली नाही. पूर्वी सुट्टीत मुलगा पेढीवर जाऊन बसे. काका उधारीवाल्याशी कसे बोलतात, मुनीमजींची चूक सापडली तर सर्वांदेखत बोलतात की बाजूला घेऊन, मालात खोट निघाली तर परत घेतात की वाद घालतात, हे त्याला कोणी न शिकवता कळे. आता सुट्टीत शिबिरे असतात, शिकवण्या असतात, आणि वडिलांच्या धंद्यातले मुलाला जे दिसते ते बहुतेक रात्री जेवताना फोनवर चाललेले वाद. त्यातून त्याने वडिलांविषयी काय मत करावे?

त्यामुळे येत्या मे महिन्यात मुलाला, आणि मुलीलाही, आठ-दहा दिवस दुकानी नेऊन बसवण्याचा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. धंदा शिकवण्याच्या हेतूने नव्हे. काही सांगूही नये. यात जोखीम आहे, आणि ती मुलाची नाही. जे इतके दिवस झाकलेले होते ते त्याला दिसेल. कच्च्या पावतीचा व्यवहार दिसेल, हमालावर काढलेला राग दिसेल. टोपीतील चामड्याची पट्टी त्याच्या नजरेस पडणारच, आणि तो ती दाखवूनही देईल. त्या क्षणी वडील काय करतात, यावर त्या घरातील पुढच्या दहा वर्षांचे बरेच काही ठरेल.

ज्यांना या साऱ्याचा एक ठिकाणा प्रत्यक्ष पाहायचा असेल, त्यांच्यासाठी तो फार दूर नाही. गावदेवीतील लॅबर्नम रस्त्यावरचे मणिभवन हे त्याच रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचे घर, ज्यांच्या पेढीत रायचंदभाई भागीदार होते. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की येथेच उतरत. एका जवाहिऱ्याच्या दुकानी जुळलेला स्नेह भागीदाराच्या घरापर्यंत असा पोहोचला आणि श्रीमदांच्या पश्चातही टिकला. बोरिवली-अंधेरीकडून धीम्या लोकलने ग्रँट रोडला उतरावे. घाटकोपर-मुलुंडकरांनी दादरला गाडी बदलावी. दुसऱ्या मजल्यावर गांधीजींची खोली चरख्यासह जतन केलेली आहे. मुले बरोबर असली तर चरखा पाहून झाल्यावर या घराचा मालक कोण होता, हे त्यांना विचारून पाहावे.